तलाव आटताना म्हशी का खंगतात? यकृत कृमी, पाणगोगलगायी आणि आपलं औषधाचं वेळापत्रक

वैनगंगाकाठ (भंडारा जिल्हा)

भंडारा-गोंदियाकडे ज्यांच्या गोठ्यात म्हशी आहेत त्यांना हे ओळखीचं असेल. पावसाळ्यात जनावरं ठणठणीत. दिवाळीनंतर धान निघालं की ढोरं मोकळी सुटतात, आधी बांध्यांमध्ये (धानाच्या खाचरांत), मग तलावाच्या काठाला. माघ-फाल्गुन येईतो एखाददुसरी म्हैस खंगायला लागते. केस राठ होतात, दूध उतरतं, डोळ्याची आतली कड पांढुरकी पडते. चरून आली की जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज लोंबते आणि सकाळपर्यंत ती बरीच ओसरते. घरचे म्हणतात चारा कमी पडला, ढेप वाढवा. ढेप वाढवली तरी अंगाला लागत नाही.

अशी लक्षणं दाखवणाऱ्या बऱ्याच जनावरांच्या यकृतात चपटे, पानासारखे कृमी असतात. आपल्या मैदानी भागात आढळतो तो मोठा प्रकार, फॅसिओला जायगँटिका. पूर्ण वाढलेला कृमी अडीच ते साडेसात सेंटिमीटर लांब. थंड हवेच्या देशांत आणि हिमालयाकडे त्याचा आखूड, रुंद भाऊबंद फॅसिओला हेपॅटिका सापडतो.

मला मांडायचं आहे ते वेळेबद्दल. आपण जंताचं औषध आपल्या सोयीच्या दिवसांत पाजतो, पण या कृमीचं वर्ष पाण्यातल्या गोगलगायीच्या वर्षावर चालतं.

मृगाच्या पावसात काठचं शेण वाहून तलावात जातं. त्यातल्या अंड्यांना ऊब आणि ओल मिळाली की दोन-तीन आठवड्यांत डोळ्यांना न दिसणारी एक केसाळ अळी निघते. तिच्या हातात जेमतेम एक दिवस असतो. तेवढ्यात ठरावीक जातीची गोगलगाय सापडली नाही तर ती मरते. सापडली तर अंगात शिरते आणि आत एकीच्या शेकडो होतात. यात दोन-तीन महिने जातात. म्हणजे आषाढात पाण्यात गेलेल्या शेणाचं फळ आश्विन-कार्तिकात बाहेर पडतं. शेपटीवाल्या अळ्या गोगलगायीतून सुटतात, थोडा वेळ पोहतात आणि पाण्यातल्या गवताला, धानाच्या बुडख्याला चिकटून स्वतःभोवती कवच करून बसतात. मग पाणी उतरतं, काठ उघडा पडतो. आजूबाजूचं रान वाळलेलं असतं. हिरवं उरतं ते नेमकं तिथेच, आणि म्हशी तिथेच जातात.

पोटात गेल्यावर कवच फुटतं, पिल्लू-कृमी आतड्याची भिंत भेदून पोटाच्या पोकळीतून यकृतात शिरतो आणि कित्येक आठवडे यकृत पोखरत फिरतो. शेवटी पित्तनलिकेत मुक्काम करतो आणि अंडी घालू लागतो. गिळल्यापासून शेणात अंडी दिसेपर्यंत तीन ते चार महिने. म्हणून कार्तिकात गिळलेलं माघ-फाल्गुनात दिसतं, आणि आपण तोवर चाऱ्याला दोष देत असतो.

आमच्या भागातले तलाव कोहळी लोकांनी बांधलेले, पुढे मालगुजारांकडे गेलेले. धान, मासे, शिंगाडे, गुरांचं पाणी सगळं त्यांच्यावर. त्यामुळे "तलावाकडे ढोरं नेऊ नका" हा सल्ला इथे कुणाच्या कामाचा नाही. मला वाटतं, मे अखेरीस, पहिल्या पावसाआधी, गावातल्या सगळ्या गुरांना या कृमीवर चालणारं औषध मिळालं तर पाण्यात जाणारी अंडीच कमी होतील. दुसरी मात्रा हिवाळ्यात. इतर भागांतले लोक काय करतात? जाणकारांनी माझं गणित तपासावं.

डॉ_गोठा

गणित बरोबर आहे. पशुवैद्यक म्हणून काही भर घालतो.

मे अखेरीची मात्रा महत्त्वाची, कारण तेव्हा बहुतेक कृमी पूर्ण वाढलेले असतात आणि मोठ्या कृमीवर बरीच औषधं चालतात. ऑक्सिक्लोझानाइड चालतं. अल्बेंडाझोलही चालतं, पण गोलकृमींसाठी देतात त्यापेक्षा वाढीव मात्रेत, आणि ते गाभणपणाच्या सुरुवातीच्या दिवसांत देऊ नये, गर्भात व्यंग येऊ शकतं. डिसेंबरची गोष्ट वेगळी. तेव्हा कृमी लहान असतात आणि यकृताच्या मांसात फिरत असतात. तिथे ही दोन्ही औषधं पोचूनही उपयोग नाही. अगदी कोवळ्या कृमीपासून मोठ्यापर्यंत सगळ्यांवर चालणारं औषध ट्रायक्लाबेंडाझोल. मात्र गायीचा डोस म्हशीला पुरा पडेलच असं नाही, म्हशीच्या शरीरात ते वेगळ्या तऱ्हेने वागतं. वजन आणि डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या. दूध विकत असाल तर दुभत्या जनावराला ते देऊ नका, आटवलेल्या काळात द्या.

आयव्हरमेक्टिन पर्णकृमींवर, म्हणजे अशा पानासारख्या चपट्या कृमींवर, चालत नाही. गोचिडासाठी, गोलकृमींसाठी उत्तम, पण यकृत कृमीवर शून्य. इंजेक्शन दिलं, जंतांचं काम झालं, आता काळजी नाही असं समजून लोक निवांत राहतात आणि म्हैस खंगत जाते. औषधाच्या दुकानात "जंताचं द्या" एवढंच सांगितलं की हेच होतं. फेनबेंडाझोलचीही तीच गोष्ट.

आणि शेण तपासणीबद्दल. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये शेणात अंडी दिसली नाहीत म्हणून जनावर निरोगी ठरत नाही, कृमी अजून अंड्यावर आलेले नसतात. शिवाय ही अंडी जड असतात. नेहमीच्या मिठाच्या द्रावणात अंडी तरंगवायच्या पद्धतीत ती नीट सापडत नाहीत. शेण पाण्यात कालवून, गाळून, तळाला बसू द्यावं लागतं. प्रयोगशाळेला नमुना देताना "पर्णकृमीसाठी तळ बसवून बघा" असं सांगा.

पऱ्याकाठची

संगमेश्वर तालुक्यातून लिहितेय. आमच्या गायी पावसाळ्यात सड्यावर (कातळाच्या माळावर) आणि वरकस रानात चरतात तेव्हा त्यांना काही होत नाही. त्रास सुरू होतो मळ्यांत सोडल्यावर. पऱ्याच्या (ओढ्याच्या) कडेला जिथे पाणी साठून राहतं, शेवाळ धरतं, तिथे गोगलगायी भरपूर. गावात कुणी म्हणालं मोरचूद टाका, सगळ्या मरतील. टाकू का?

डॉ_गोठा

नको, ताई. मोरचुदाने गोगलगायी मरतात हे खरं आणि एके काळी तो सर्रास वापरलाही जाई. पण त्याने मासे मरतात, आणि त्यातलं तांबं मेंढ्यांना फार लवकर बाधतं. पऱ्याचं पाणी खाली कुणीतरी पितंच. शिवाय चार-सहा गोगलगायी उरल्या तरी पुढच्या पावसात पुन्हा भरपूर होतात. त्यापेक्षा साठलेल्या पाण्याला वाट काढून द्या, पऱ्याची कड झाडोऱ्यापासून मोकळी करा, आणि गायींना पाणी हौदात पाजा. वरकसाचं गवत कापून कडक वाळवलेलं असतं, ते निर्धास्त घाला. मळ्यातला ओला पेंढा मात्र तसाच घालू नका, नीट वाळवून उडवी रचा आणि मग वापरा.

वैनगंगाकाठ

आमच्याकडे तर विषाचा विचारही नको. तलावातल्या मासेमारीवर ढीवर समाजाची घरं चालतात, शिंगाडाही त्यांचाच. गुरं वाचवायला त्यांचं पोट मारायचं, हे कुणालाच पटणार नाही.

जीवशास्त्र_बाई (नागपूर)

प्राणिशास्त्र शिकवते. गोगलगायी ओळखायच्या कशा ते सांगते, कारण पाण्यात दिसली प्रत्येक गोगलगाय या कामाची नसते.

तळ्यातली मोठी, जाड, गोलसर गोगलगाय जी धोका वाटला की आत जाऊन झाकण लावून घेते, ती या कृमीची वाहक नाही. यकृत कृमीला लागते लिम्निया, आपल्याकडे मुख्यतः लिम्निया ऑरिक्युलॅरिया. तिला झाकण नसतं. शंख पातळ, पिवळट-तपकिरी, उजेडात धरला तर आरपार दिसावा असा. टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरलं तर तोंड उजव्या हाताला येतं, आणि शेवटचा वेढा इतका फुगलेला की शंखाचं तोंड कानाच्या पाळीसारखं पसरट दिसतं. शिंगं बारीक काड्यांसारखी नसून चपटी, तिकोनी. संथ, स्वच्छ, वनस्पती असलेल्या पाण्यात ती पानांच्या खालच्या बाजूला चिकटलेली सापडते.

दुसरी लक्षात ठेवायची ती इंडोप्लॅनॉर्बिस. चपट्या चकलीसारखी गुंडाळलेली, दाबली तर लालसर द्रव येतो, कारण तिच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं. ती यकृत कृमीची नाही, पण रुमेनमधल्या (जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटातल्या) पर्णकृमींची आहे. आणि नाकातल्या शिरांत राहणाऱ्या शिस्टोसोमा नेझलचीही, ज्याने गायी-बैल घोरल्यासारखा आवाज करत श्वास घेतात. तो तर खाण्यातून येत नाही, पाण्यात उभ्या जनावराच्या कातडीतून शिरतो.

गोगलगायीत कृमी आहेत का हे बघायला माझे विद्यार्थी स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात एकेक गोगलगाय ठेवतात आणि ग्लास उजेडात ठेवतात. बाधित असेल तर पाण्यात बारीक ठिपके वळवळताना भिंगातून दिसतात. हातमोजे घालूनच करा, आणि ते पाणी पुन्हा तळ्यात ओतू नका, उकळून टाका.

या कृमीची कथा माणसाला कळायला फार वेळ लागला. मेंढ्यांची यकृतं सडतात हे युरोपात चौदाव्या शतकापासून लिहून ठेवलेलं आहे. पण मधला दुवा गोगलगाय आहे हे १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला उलगडलं. इंग्लंडमध्ये १८७९-८० च्या ओल्या वर्षांत सुमारे ३० लाख मेंढ्या मेल्या आणि ऑक्सफर्डच्या ए. पी. थॉमस या तरुणाला हे काम दिलं गेलं. त्याच सुमारास जर्मनीत लॉयकार्टही त्याच उत्तराला पोचले. एका कृमीचं आयुष्य दोन प्राण्यांत आणि इतक्या रूपांत वाटलेलं असू शकतं, हे तेव्हा सविस्तर उलगडलं. मला आजही हा धडा शिकवताना भरून येतं.

पऱ्याकाठची

बाई, कोकणात गुहागर तालुक्यातल्या गिमवीचं नाव अशाच संदर्भात ऐकलंय. तेही गोगलगायीचंच ना?

जीवशास्त्र_बाई

हो, पण तो रोग माणसाचा, मूत्राशयातल्या शिस्टोसोमाचा. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शाह यांनी गिमवीतले रुग्ण प्रसिद्ध केले. आफ्रिकेत सर्रास असलेला हा कृमी आपल्या कोकणातल्या एका गावात कसा, हा मोठाच प्रश्न होता. तिथली वाहक म्हणून फेरिसिया टेनुइस ही टोपीसारख्या शंखाची इवलीशी गोगलगाय पुढे आली. यकृत कृमीशी त्याचा थेट संबंध नाही, पण एखाद्या ओढ्यात कुठली गोगलगाय राहते यावर गावाचं आरोग्य कसं ठरतं हे त्यातून दिसतं.

मेंढवाडा

आमचा वाडा फलटणच्या बाजूचा. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरतो, पेण-रोह्याकडं भात काढलेल्या रानांत मेंढरं बसवतो. शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, आमच्या मेंढरांना चारा. पाऊस यायच्या आत परत वर. वरच्या रानात हा आजार आम्हाला ठाऊकच नव्हता. खाली मात्र कधी कधी चांगलं खातं-पितं मेंढरू सकाळी मरून पडलेलं दिसतं. नाकातोंडातून काही नाही, आदल्या दिवशी लंगडलंही नाही. थोरली माणसं म्हणतात नजर लागली, काही म्हणतात पान लागलं, म्हणजे साप चावला. डॉक्टर, हे तुम्ही सांगता तेच असेल का?

डॉ_गोठा

असू शकतं, भाऊ. बघितल्याशिवाय ठामपणे म्हणणार नाही, पण शवविच्छेदन करून घेण्याजोगी गोष्ट आहे. मेंढीचं यकृत लहान. एकाच वेळी शेकडो कोवळे कृमी शिरले तर ते आतून फाटल्यागत होतं, पोटात रक्त साठतं आणि मेंढी कुठलंच लक्षण न दाखवता जाते. म्हशीसारखं महिनोन्‌महिने खंगणं अशा मेंढीच्या वाट्याला येत नाही. दुसरी शक्यता अशी की कृमींनी पोखरलेल्या यकृतात क्लॉस्ट्रिडियम नोव्ही नावाचा जिवाणू जागा होतो. त्याचे बीजाणू यकृतात आधीपासून झोपलेले असतात, मेलेलं मांस मिळालं की वाढतात, आणि त्याच्या विषाने काही तासांत मृत्यू. कातडं सोलल्यावर आतली बाजू काळी पडलेली दिसते.

तुमच्या बाबतीत मुद्दा असा की सुक्या देशावरची दख्खनी मेंढी थेट ओल्या भातखाचरात उतरते. मेंढीला या कृमीविरुद्ध फारशी प्रतिकारशक्ती येत नाही, एकदा होऊन गेलं म्हणून पुढच्या वर्षी सुटका नाही. गायीत निदान वयाबरोबर थोडी येते. म्हणून खाली उतरल्यावर महिना-दीड महिन्याने कोवळ्या कृमींवर चालणारं औषध, आणि परत वर गेल्यावर एकदा. क्लोझँटेल कुणी सुचवलं तर वजन करूनच द्या, जास्त झालं तर मेंढ्या-शेळ्या आंधळ्या होतात. आणि मेंढरं खाचरात बसवताना ज्या खाचरात अजून पाणी उभं आहे, ते शक्य तर टाळा.

मेंढवाडा

पाणी उभं असलेलं खाचर टाळणं आमच्या हातात आहे. शेतकऱ्याला सांगता येईल. पुढच्या वेळी मेलेलं मेंढरू न पुरता दवाखान्यात नेतो.

कार्डिफकर

मी वेल्समध्ये पशुखाद्याच्या व्यवसायात आहे. इथे हा आजार घराघरात माहीत आहे, कारण हवा ओली आणि मेंढ्या भरपूर. दोन गोष्टी आपल्याकडे हव्यात असं फार वाटतं. एक म्हणजे पाऊस आणि तापमानावरून यंदा यकृत कृमी किती वाढतील याचा अंदाज दर वर्षी जाहीर होतो, ही पद्धत १९५० च्या दशकापासून आहे. दुसरी अशी की कत्तलखान्यात यकृत बाधित निघालं तर ती नोंद शेतकऱ्यापर्यंत पोचते. त्यामुळे जिवंत कळपाबद्दल आधीच कळतं. आणि एक इशारा: ट्रायक्लाबेंडाझोल वर्षानुवर्षं एकटंच वापरल्यामुळे इथे अनेक फार्मवर ते लागू पडेनासं झालंय. ऑस्ट्रेलियात हे १९९० च्या दशकातच दिसलं होतं. आपल्याकडे ते राखून, जिथे खरंच कोवळे कृमी मारायचेत तिथेच वापरावं.

नाशिककर

वेगळा प्रश्न. मटणाच्या दुकानात कलेजीत असे कृमी निघाले तर ती खाल्ल्याने माणसाला होतो का?

डॉ_गोठा

शिजवलेल्या कलेजीतून होत नाही. माणसालाही तो गोगलगायीतून सुटून वनस्पतीवर बसलेल्या कवचातूनच होतो, म्हणजे पाणथळातला कच्चा पाला खाल्ल्याने किंवा तसलं पाणी प्यायल्याने. बाधित कलेजी खाल्ली तर कृमीची अंडी शौचातून नुसती बाहेर पडतात आणि तपासणीत उगाच रोग दिसतो, एवढंच. तरी असं यकृत विकू नये. आणि कापणाऱ्याला विचारून ठेवा, बकरा कुठल्या भागातला होता.

वैनगंगाकाठ

सगळ्यांचे आभार. पश्चिम जावातल्या भातपट्ट्यातलं काम वाचलं, ते आपल्याला इतकं लागू पडतं की इथे लिहितो. तिथे दिसलं की गोठ्याचं शेण-पाणी ज्या खाचरात वाहून जातं, त्या खाचरात बाधित गोगलगायी सर्वांत जास्त. लांबच्या खाचरात नाहीच म्हणावं इतक्या कमी. म्हणजे सगळा शिवार सारखा धोक्याचा नसतो. कवचं भाताच्या ताटाच्या खालच्या भागात, पाण्याजवळ असतात, म्हणून जनावरासाठी वरचं ताट कापून आणावं. आणि सगळ्यात सुंदर गोष्ट बदकांची. बदकांत एक वेगळाच पर्णकृमी असतो, एकिनोस्टोमा. त्याच्या अळ्या त्याच गोगलगायीत शिरल्या तर यकृत कृमीच्या अळ्यांना खाऊन टाकतात. म्हणून तिथे गोठ्याच्या शेणाबरोबर बदकांची विष्ठा त्याच खाचरात जाऊ देऊन बघितली, आणि गोगलगायींतला यकृत कृमी घटला. विष नाही, मासे शाबूत.

आमच्या गावात गोठ्याचं पाणी थेट बांधीत जाणारी घरं कुठली हे सगळ्यांना माहीत आहे. त्या बांध्यांचं तणीस (धानाचा पेंढा) यंदा पूर्ण वाळल्याशिवाय घालायचं नाही आणि त्यातला खालचा भाग गोठ्यात अंथरायला वापरायचा, असं चार घरांत ठरलंय. शेण बायोगॅसला किंवा ढीग लावून कुजवून, ताजं बांधीत नाही. तलावावर ढोरांना पाणी पाजायला एकच दगडी उतार असावा, बाकी काठावर काटेरी कुंपण, ही मागणी ग्रामसभेत ठेवतोय. मासेमारी संस्थेचे लोक अनुकूल आहेत, कारण म्हशी काठ तुडवतात तेव्हा त्यांचंही नुकसान होतं.

औषधाचं एकट्यादुकट्याने करून भागणार नाही हे तुमच्या प्रतिसादांवरून पक्कं झालं. एकाच गोठ्याने पाजलं आणि उरलेल्यांनी नाही, तर पावसात अंडी पुन्हा त्याच तलावात. डॉक्टर, सगळ्या गावाच्या म्हशींचं शेण तपासणं शक्य नाही. किती आणि कसे नमुने आणावेत?

डॉ_गोठा

प्रत्येक गोठ्यातून एक खंगलेलं आणि एक बरं दिसणारं जनावर निवडा. फेब्रुवारीच्या शेवटी घ्या, तोवर अंडी येऊ लागतात. जमिनीवरचं उचलू नका, हातमोजा घालून थेट गुदद्वारातून मूठभर, झाकणाच्या डबीत गच्च भरून, म्हणजे हवा कमी राहते. डबीवर गोठ्याचं नाव, जनावराचं वय, गाभण आहे की दुभतं, आणि ते कुठल्या तलावावर पाणी पितं हे लिहा. उन्हात ठेवू नका, त्याच दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात पोचवा, उशीर होणार असेल तर बर्फाच्या डब्यात. फ्रीझरमध्ये मात्र गोठवू नका. अंडी पिवळसर सोनेरी निघाली तर यकृत कृमी, रंगहीन करडी निघाली तर रुमेनमधले. दोन्ही निघाली तर ऑक्सिक्लोझानाइड दोन्हींच्या मोठ्या कृमींवर चालतं. ट्रायक्लाबेंडाझोल रुमेनवाल्यांवर चालत नाही. निकाल आले की तलावाप्रमाणे वेगळे लावून इथेच टाका, म्हणजे मे महिन्याची औषधाची यादी आपण मिळून करू.